फडकं कोणी हलवलं

आनंदाबाईंनी मेलेल्या नवऱ्याचा आवाज ऐकला तो शुक्रवारी, ११ ऑक्टोबर २०२४ला, दुपारी साडेतीनच्या सुमारास. वासुदेवरावांना जाऊन तेव्हा तीन वर्षं आठ महिने झाले होते. बाई ओसरीत लाखोळीची डाळ निवडत होत्या आणि शेजारची डिंपल खांबाला टेकून मोबाइलवर गेम खेळत होती. डिंपल ही पुंडलिकराव सरपंचांची नात, तुमसरच्या कॉलेजात जाते. घरी आजोबा तिच्या हातात मोबाइल टिकू देत नाहीत म्हणून ती बाईंकडे येऊन बसायची. बाई बसू द्यायच्या, कारण पोरगी बोलत नसे.

तेवढ्यात मोबाइलमधून आवाज आला. घोगरा, जाड, दर दोन शब्दांनी अडणारा.

"फडकं वर आलं नव्हतं. मी वाटच पाह्यली नाही. घाई होती मले. डाट काढला."

सूप बाईंच्या मांडीवरून घसरलं आणि डाळ शेणानं सारवलेल्या जमिनीवर पसरली.

"कोण आहे तो?"

"पाणकर बाबा," डिंपल मान वर न करता म्हणाली. "गेममधला आहे जी. सारी दुनिया खतम होते, शहरं जळते, पाण्यात जहर होते. एकच तलाव उरते. त्याच्या पारीवर हा बुढा बसला राहते. पाणी पाहिजे तं पयले याची कहाणी ऐका लागते. यानं आपलीच पोरगी…"

इथे तिच्या ध्यानात आलं आणि ती थांबली.

"बोल ना. आपलीच पोरगी काय?"

"भुपेंद्रकाकानं बनवला आजी. मले वाटलं तुम्हाले माहीत असन."

"पुन्हा लाव."

बाईंनी तो आवाज चार वेळा ऐकला. चौथ्या वेळी त्यांनी विचारलं, "खेळणारे काय म्हणते याले?"

"कोणी रडते. कोणी शिव्या देते. आपल्या गावचे पोट्टे तं पारीवर जाऊन रील काढून राहिले. पोरगीबुडव्याचा तलाव म्हणते."

"जा घरी," बाई म्हणाल्या. डिंपल गेली. बाईंनी एक एक करून डाळ वेचली, आणि वेचलेली सगळी डाळ उकिरड्यावर नेऊन टाकली.

बोरटोला हे गाव नाकाडोंगरीच्या अलीकडे, जंगलाच्या कडेला आहे. आनंदाबाई तिथे १९८० साली लग्न होऊन आल्या. माहेर तुमसरचं. वडील राइस मिलमध्ये उसना धान शिजवायच्या भट्टीवर होते. घरात सहा बहिणी आणि भांडल्याशिवाय वाटणीला काही येत नसे, त्यामुळे बाईंची जीभ बाजारात वाढलेली होती. सासरी पहिल्याच महिन्यात त्यांनी सासूला सुनावलं की तुमच्या घरचा भात गुरांना घातला तर गुरंही तोंड फिरवतील. सासू मरेपर्यंत हे वाक्य विसरली नाही. वासुदेवराव मात्र हसले होते. ते कमी बोलत आणि कुणाचं ऐकून घ्यावं लागलं तर खाली बघत. बाईंना या खाली बघण्याचा राग येई. भांडायला समोर माणूस तरी हवा.

त्या घराकडे गावच्या तलावाची पाणकरी तीन पिढ्यांपासून होती. पाणकर म्हणजे तलावाचं पाणी कुणाच्या शेतात कधी, किती वेळ जाईल हे पाहणारा माणूस. तलाव मालगुजारांच्या काळातला. त्याच्या आत, पाण्यात, दगडी पायऱ्यांचं तुडूम आहे. पायरीपायरीला भोक आणि भोकाला लाकडी डाट. पाणकर पोहत जातो, बुडी मारतो, डाट उपटतो. पाणी पारीच्या पोटातल्या मोरीतून पलीकडे नहरात पडतं. पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध. तो इतका उंच आणि रुंद आहे की आत तुडूमाजवळच्या माणसाला पलीकडची मोरी दिसत नाही. म्हणून रीत अशी होती: पाणकराच्या घरचं दुसरं माणूस पलीकडे उतरून मोरीच्या तोंडाशी जाई, वाकून आत बघे, तीनदा हाक देई, आतून उत्तर येत नाही ना याची खात्री करी, मग पारीवर चढून बांबूला बांधलेलं लाल फडकं हलवी. ते पाहून पाणकर हात वर करी आणि बुडी मारी. कोरड्या मोरीत थंडावा असतो, खड्ड्यात साचलेल्या पाण्यात मासोळ्या असतात, आणि पोरं तिथे जातातच. पोरांना कितीही मारलं तरी जातात. म्हणून ही रीत.

१९८० पासून फडकं आनंदाबाईंचं होतं.

लग्नानंतर बारा वर्षांनी त्यांना रीना झाली. एवढ्या वर्षांत गावानं काय काय म्हटलं ते बाईंनी नावानिशी लक्षात ठेवलं होतं, आणि रीना चालायला लागल्यावर त्या एकेकीच्या दारावरून पोरीला मुद्दाम फिरवून आणत. रीनाला आईची जीभ आणि बापाचं पोहणं मिळालं होतं. धाकट्या दिराचा भुपेंद्र तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, पण झाडावर आधी तीच चढायची.

धाकटी जाऊ सुलोचनाबाई आणि आनंदाबाई यांचं कधीच जमलं नाही. १९९८ला वाटणी झाली, अंगणात कुडाची भिंत आली. वरच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, थोरल्याला, नहराच्या शेवटच्या टोकाच्या धाकट्याला. टोकाला पाणी सर्वांत शेवटी पोचतं. त्या पावसाळ्यापासून दर पाळीला भांडण ठरलेलं.

शुक्रवार, १४ सप्टेंबर २००१. सकाळचे अकरा वाजले होते. आठ दिवस पाऊस नव्हता आणि भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, धान पोटरीवर आला होता. आनंदाबाई बांबू घेऊन पारीवर चढल्या, तोच मागून सुलोचनाबाई आल्या. पहिलं पाणी यंदा टोकाला द्या, वरच्या बांध्या ओल्याच आहेत, हे त्यांचं म्हणणं. बाईंचं म्हणणं, रीत मोडायची तर तुझ्या बापाचा तलाव खण. तिथून ते वांझपणावर गेलं, माहेरच्या भट्टीवर गेलं, वाटणीतल्या पाण्याच्या पितळी गुंडावर गेलं. खाली तुडूमाजवळ छातीभर पाण्यात वासुदेवराव वाट बघत उभे होते.

"फडकं हलवता का भांडतच राहता," सुलोचनाबाई शेवटी म्हणाल्या. "मुद्दाम उशीर करून राहिल्या. माझा धान वाळला पाह्यजे ना तुम्हाले."

"घे, हलवते. मर पाण्यात," आनंदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फडकं हलवलं. मोरीकडे त्या उतरल्या नव्हत्या.

वासुदेवरावांनी हात वर केला. त्यांनी बुडी मारली.

रीना नऊ वर्षांची होती. शाळेत मास्तर आले नव्हते म्हणून ती मासोळ्या धरायला गेली होती.

संध्याकाळी चावडीवर पंच बसले. वासुदेवराव मध्ये बसले होते, अंगावरचे कपडे अजून ओले. पुंडलिकरावांनी विचारलं, "फडकं कोणी हलवलं?" वासुदेवराव जमिनीकडे बघत राहिले. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. गावाला त्यांचं खाली बघणं माहीत होतं, पण त्या दिवशी गावानं त्याचा अर्थ लावला. पाणकरानं वाट पाहिली नाही, फडक्याआधी डाट काढला. बाईंना कुणी विचारलं नाही. त्या आतल्या खोलीत बायकांच्या गराड्यात होत्या. त्या गराड्यात सुलोचनाबाईही होत्या. दोघींची नजर एकदा भेटली आणि दोघींनी ती फिरवली. त्या क्षणी दोघींत एक करार झाला, न बोलता, आणि तेवीस वर्षं दोघींनी तो पाळला. एरवी एकमेकींची एक गोष्ट त्यांनी पाळली नव्हती.

पाणकरी गेली. वासुदेवराव मँगनीजच्या खाणीवर रोजीनं जाऊ लागले. पारीवरची वाट जवळची, पण ते दोन किलोमीटरचा फेरा घेऊन रस्त्यानं जात. घरात त्या दिवसाबद्दल कधी शब्द निघाला नाही. बाई जेवण वाढत, ते जेवत. कधी भाजी खारट झाली तरी बोलत नसत, आणि बाई मुद्दाम मीठ जास्त घालून बघत. एकदा तरी ताट फेकावं, एकदा तरी म्हणावं, तू. त्यांनी म्हटलं नाही. वर्षं गेली तशी बाईंनी मनाशी एक पळवाट करून ठेवली: कोण जाणे, त्यांनी फडकं पाहिलंच नसेल. हात वर केला तो मासा उडाला म्हणून केला असेल. आपण हलवायच्या आधीच डाट निघाला असेल. या पळवाटेवर त्या वीस वर्षं जगल्या. २ फेब्रुवारी २०२१ला, मंगळवारी, वासुदेवराव गेले, तेही खाली बघतच.

आणि आता मोबाइलमधून ते म्हणत होते, फडकं वर आलं नव्हतं. फडकं वर आलं होतं. ज्या माणसानं ते खरंच पाहिलं नसेल तो म्हणेल, मला दिसलं नाही. आलंच नव्हतं असं तोच म्हणेल ज्यानं ते पाहिलं आहे आणि झाकतो आहे. बाईंना हे चौथ्या वेळी ऐकताना कळलं. त्यांना रडू आलं नाही. त्यांना संताप आला. न विचारता त्यांचं पाप उचलून हा माणूस निघून गेला होता.

दसऱ्याला, शनिवारी, भुपेंद्र पुण्याहून आला. तो गेमच्या कंपनीत गोष्टी लिहितो. दाढी ठेवली आहे, डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा. आपट्याची पानं घेऊन तो कुडाच्या अलीकडे आला आणि पाया पडायला वाकला. बाईंनी पाय मागे घेतले.

"मोठीमाय, सोनं घे."

"ठेव तिकडे. माझ्या नवऱ्याले किती दिवस झाले विकून?"

भुपेंद्रनं पानं हातातच ठेवली. "तुले कोणी सांगितलं? मीच सांगणार होतो."

"कधी? मी मेल्यावर?"

"बसून बोलू ना."

"तू उभाच राह्य."

तो उभा राहिला. त्यानं सांगितलं ते असं: २०१९च्या मे महिन्यात तो सुटीत आला होता, तेव्हा एका दुपारी त्यानं मोठेबाबांना विचारलं होतं आणि मोबाइलवर ते टेप केलं होतं. गेममध्ये आधी नट बोलणार होता, पण कंपनीतल्या लोकांनी मूळ आवाज ऐकला आणि म्हणाले, हाच ठेवा. आतापर्यंत गेम चाचणीपुरताच दिला होता, आता तो मोठ्या प्रमाणात बाहेर येणार होता. त्यासाठी आवाजावर वारसाची सही हवी होती. कागद त्याच्या खिशात होता.

"आणि मी सही नाही केली तं?"

"तं आवाज काढा लागन. दुसऱ्या कोणाच्या आवाजात टाकू."

"आणि गोष्ट?"

"गोष्ट तं राहीनच मोठीमाय. गोष्टीवर कोणाची सही लागत नाही."

"बापानं पोरगी बुडवली, हे राहीन."

"लोक त्याच्यावर जीव लावून राहिले," भुपेंद्र म्हणाला. "तू वाच तरी. बंगलोरची पोरगी लिहिते, मी आपल्या बाबाले फोन केला म्हणून. मी त्यायले वाईट नाही दाखवलं. दुःखी दाखवलं."

"फुकटचं दुःख."

कुडाच्या पलीकडून सुलोचनाबाईंचा आवाज आला. "करून टाका ना बाई सही. मेल्यावर तरी जेठजीचं नाव होऊन राहिलं."

"तू बोलू नको," आनंदाबाई भिंतीला म्हणाल्या. "तुले माहीत आहे सारं."

"मले काही माहीत नाही."

"तेवीस वर्षं तुले काही माहीत नाही. शाबास."

भुपेंद्रनं भिंतीकडे बघितलं, मग बाईंकडे. "काय माहीत आहे?"

बाईंनी आत जायला पाठ वळवली. तो हळू आवाजात म्हणाला, "टेप करताना मोठेबाबांनी मले एक शपथ घातली होती. हे मोठीमायले विचारू नको म्हणे. मले वाटलं, तुले त्रास होईन म्हणून म्हणून राहिले."

बाई आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. भुपेंद्रनं पानं उंबऱ्यावर ठेवली. शेजारच्या शेळीनं खाल्ली.

रविवारी भारी धानाचं शेवटचं पाणी होतं. शेवटच्या पाण्याला सगळे शेतकरी पारीवर येतात, कारण यानंतर तुडूम बंद होतं ते पुढच्या सालापर्यंत, आणि कुणाचं पाणी कमी पडलं त्याची भांडणं तिथेच उरकायची असतात. आताचा पाणकर धम्मदीप. तो तुडूमाजवळ पाण्यात उतरला होता. फडकं त्याच्या बहिणीकडे असतं. ती दसऱ्याला सासरी अडकली होती, म्हणून ते डिंपलच्या हाती दिलं होतं आणि ती मोबाइल खिशात घालून कंटाळून उभी होती. भुपेंद्र कॅमेरा घेऊन फिरत होता.

आनंदाबाई पारीवर चढल्या. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली.

त्यांनी डिंपलच्या हातून बांबू घेतला आणि भुपेंद्रला म्हटलं, "टेप चालू कर."

"बाई, घरी चला," सुलोचनाबाई गर्दीतून पुढे आल्या. "झाकलेलं झाकलेलं राहू द्या."

"तू घरी जा. मी तुझं नाव नाही घेणार. तुझं तू पाह्य." बाई पुंडलिकरावांकडे वळल्या. "तुम्ही त्या दिवशी चावडीवर विचारलं होतं, फडकं कोणी हलवलं. उत्तर घेऊन आली."

पुंडलिकराव काठीवर रेलून उभे होते. "आता कायले वयनी?"

"मी हलवलं. मोरीत उतरली नव्हती. हाक दिली नव्हती. इथंच उभी राहून भांडत होती, अन् भांडता भांडता हलवलं. त्यायनं पाह्यलं, हात वर केला, मंग डाट काढला. रीतीनं काढला. त्यायची चूक एवढीच का बायकोवर भरवसा ठेवला."

खाली पाण्यात धम्मदीप काही न कळून वर बघत होता.

कुणी बाईंना धरायला आलं नाही. बायकांपैकी कुणी पदर तोंडाला लावला नाही. पुंडलिकराव म्हणाले, "माणूस खाणीवर मरमर मेला. आम्ही त्याले पंगतीत बाजूले बसवलं. माझ्या नातवाच्या बारशाले बोलावलं नाही. अन् तू पाहत राहिली?"

"पाहत राहिली."

"तेवीस वर्षं."

"मोजले मी पण."

"मंग आज कायले सांगितलं? तो तं गेला."

"तुमचे पोट्टे त्याच्या नावानं रील काढून राहिले म्हणून," बाई म्हणाल्या. "माझ्या नावानं काढा."

पुंडलिकराव थुंकले. ते बाईंवर थुंकले नाहीत, पण दूरही थुंकले नाहीत. मग पाण्याकडे बघून म्हणाले, "धान वाळून राहिला. काम करा."

बाईंच्या हातात बांबू होताच. त्या मोरीकडे उतरायला वळल्या. डिंपल आडवी आली. तिनं बांबू धरला, जोरात नाही, पण सोडलाही नाही.

"तुम्ही नका जाऊ आजी."

"मी पाहून येते. तीनदा हाक देते," बाई म्हणाल्या.

"मी जाते. द्या."

सगळं गाव बघत होतं. बाईंनी बांबू सोडला. डिंपल पारीवरून घसरत खाली उतरली, मोरीच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसली, आत वाकली आणि ओरडली. एकदा. थांबली. दुसऱ्यांदा. मोबाइलचा उजेड आत टाकून तिनं बघितलं. तिसऱ्यांदा. मग वर चढून तिनं फडकं हलवलं. धम्मदीपनं हात वर केला.

मोरीतून पाणी पडल्याचा आवाज आला तेव्हा भुपेंद्र बाईंच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या हातात तो कागद होता, घडी पडलेला.

"सही?" त्यानं विचारलं. विचारताना त्यालाच लाज वाटली असावी.

"त्यायच्या आवाजावर नाही. तो काढ. माझा टेप झाला ना? माझ्यावर घे सही. बुढ्याले पारीवरून उठव, मले बसव."

"मोठीमाय, लोक तुले… बुढ्यावर लोक रडते. तुह्यावर नाही रडणार."

"मी कोणाले रड म्हटलं?"

बाईंनी बसकण मारून, गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. आनंदाबाई वासुदेव हे पूर्ण नाव, प्रत्येक अक्षर सुटं.

सुलोचनाबाई त्या दिवसापासून कुडाच्या भिंतीजवळ बोलत नाहीत. भांडी घासायलाही मागच्या अंगणात जातात. गावात आनंदाबाईंना हळदीकुंकवाचं बोलावणं आधीच नव्हतं, आता दळणाच्या गिरणीतही त्यांचा डबा शेवटी लागतो. दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवशी पुंडलिकरावांनी चावडीवर वासुदेवरावांचा फोटो लावला आणि हार घातला. बाईंना बोलावलं नाही. त्या लांबून बघून आल्या.

डिंपल मात्र ओसरीत येते. डिसेंबरच्या शेवटी एका दुपारी ती खांबाला टेकून बसली आणि म्हणाली, "नवा आला आजी. बुढा नाही आता. तुम्ही आहा."

"कशी दिसते मी?"

"लुगडं आहे. हातात फडकं. बोलता तुम्हीच." तिनं आवाज लावला. आनंदाबाईंनी स्वतःचा आवाज ऐकला, मी हलवलं, मोरीत उतरली नव्हती, आणि सूप खाली ठेवलं नाही.

"लोक काय म्हणते?"

डिंपल अंगठ्यानं मोबाइल सरकवू लागली. "नको आजी."

"वाच."

"एक जण म्हणते, हिच्यापेक्षा तो बुढा बरा होता. एक म्हणते, इतकी वर्षं गप बसली, लाज नाही. एक म्हणते, या म्हातारीच्या हातचं पाणी मी तहानेनं मेलो तरी नाही पिणार."

बाईंनी डाळीतला खडा उचलून अंगणात फेकला.

"बुढ्याले कोणी काही म्हणते?"

"नाही. त्याले कोणी काहीच नाही म्हणत."

"बरं," आनंदाबाई म्हणाल्या. "पुढचं वाच."